तारा काढायचे दिवस

किनाशीत ऑक्टोबर म्हणजे तारा काढायचे दिवस.
काळ्या पाइनची खोडं या दिवसांत गुपचूप जाड होतात.
तार सालीत रुतली की वळ जात नाही,
दहा-दहा वर्षं.

सोकिचीचा उजवा हात मार्चपासून मांडीवर पडून आहे,
म्हणून पक्कड माझ्याकडे.
तार उलगडायची नाही, तुकडे करायचे,
हे तो डोळ्यांनी सांगतो.
मी ऐकलं नाही तर घशातून.

एकेचाळीस वर्षं मी फक्त पाणी घातलं.
नावं सगळी त्याच्या तोंडची.
गिऱ्हाईक आलं की सुरू:
हा चोक्कान, सरळसोट,
शाळेत प्रार्थनेला उभा राहिल्यासारखा.
हा केंगाई, कुंडीच्या काठावरून दरीत उतरलेला,
शेंडा मात्र वर वळवून
कोणी हाक मारतंय का ते ऐकणारा.
बुंजिन म्हणजे नुसती वाकडी काठी, टोकाला चार सुया,
आणि किंमत सगळ्यात जास्त.
मी चहा ठेवता ठेवता मनात म्हणायचे,
याला कोणी पोटभर जेवू घातलेलं नाही.

फुकिनागाशीच्या साऱ्या फांद्या एकाच बाजूला,
वारा पडलेला असतानाही वाऱ्यात.
त्याला मी रात्री भिंतीशी वळवून ठेवायचे,
तेवढीच उसंत.
सकाळी सोकिची काही न बोलता पुन्हा फिरवायचा.
हे आमचं भांडण
कधीच बोलून झालं नाही.

गुरुवारी कुरामोचीबाई येतात,
त्याला काखेत धरून उभा करतात.
परवा तो उभा राहिला, डावीकडे कललेला,
तोंडही त्याच बाजूला.
माझ्या तोंडून निघून गेलं : शाकान!
बाई गोंधळल्या.
तो हसला, अर्ध्या ओठांनी.

शाकान कसा ओळखायचा, हेही त्याचंच :
झाड झुकलं त्याच्या उलट बाजूची मुळं बघा,
ती मातीबाहेर ताणलेली हवीत, दोरखंडासारखी.
नसली, तर ते झुकणं नव्हे,
पडणं आहे, अजून पुरं न झालेलं.

तर तो हसला, आणि डाव्या हाताचं बोट
हळूहळू
माझ्या पायांकडे नेलं.

मी खाली पाहिलं.
नळी गळत होती, चपला भिजल्या होत्या.
काय दाखवलं त्यानं, विचारायचं राहून गेलं.
नळ बंद केला.
सतरा झाडं उरलीत अजून,
आणि पलीकडच्या फळीवर एक तार
कालच रुतायला लागलेली.