लिननवरचा काटा

पॉलिएस्टर जळत नाही. वितळतं.
धूर नाही, केस जळल्याचा वास नाही,
चुर्र एवढाच आवाज,
आणि मागच्या दोन निऱ्या एकमेकींना चिकटून
मेणकापडासारख्या चकाकायला लागल्या.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणे.
माझा सुंभ जागच्या जागी,
पीळ तेवढा गेला.

थोरला भाऊ हॅमिश हसायचा, हा कसला किल्ट!
आठ वार लोकर घे, शोभेल तरी.
पण लोकर मांड्यांना चावते,
आणि थर्सोच्या पावसातून आल्यावर
हा खुर्चीच्या पाठीवर तासाभरात वाळतो.
याच्यातच मी होडीला डांबर फासलं,
याच्यातच मार्चमध्ये डेव्हिनाला पोचवून आलो
आणि बूट न काढता झोपलो.

इस्त्रीला मी कधी हात लावला नव्हता.
काटा लिननवर होता,
तिने शेवटचा ठेवला होता तिथेच.
आज मला वाटलं, हॉलवर नाच आहे,
जरा नीट दिसावं.

शेजारची ऊना सुई घेऊन आली.
काही बोलली नाही. दोन्ही निऱ्या उसवून
डाग आतल्या घडीत ढकलला,
दाताने दोरा तोडला.
उभा राहिलो तर दिसत नाही म्हणाली,
गिरकी घेऊ नकोस.

घेतली.
ट्यूबलाइटखाली निऱ्या उघडल्या
आणि तिची छोटी ग्रेअर बाकावरून ओरडली,
अय्या, तुमच्या मागे काहीतरी चमकतंय!

घरी येऊन इस्त्री फडताळात ठेवली.
काटा हलवला नाही.