अर्ध्या इंचाची जाळी

कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटायचं राहत नाही,
ही म्हण मला शाळेपासून पाठ.
पण कोंबडं झाकायचं कसं,
ते कुणी सांगितलं नव्हतं.

ते शिकवलं व्हर्ना टटलनं.
व्हरमाँटमधल्या आमच्या कच्च्या रस्त्यावर
पाऊण मैलावरची ही माझी सख्खी शेजारीण,
वय एकाहत्तर.
माझ्या नव्याकोऱ्या खुराड्याच्या षटकोनी जाळीत
तिनं दोन बोटं घातली
आणि म्हणाली, ही कोंबड्यांना आत ठेवते.
बाहेरच्याला बाहेर ठेवत नाही.

मी हसले. मे महिना होता.
दोडकी, भोपळी आणि तोंडली
गवतात किडे वेचत होत्या.

जूनमध्ये एका सकाळी
तोंडली जाळीला टेकून बसलेली दिसली.
जवळ गेले तर अर्धीच होती.
दार बंद, कडी जागच्या जागी.
कुणीतरी बाहेर उभं राहून, आत हात घालून,
येईल तेवढी ओढून नेली होती.

चिखलात पंजे उमटले होते.
मी जिल्ह्याच्या इस्पितळात एक्स-रे काढते,
दिवसाला वीसेक हात बघते,
बर्फावरून घसरलेल्या म्हाताऱ्यांचे, झाडावरून पडलेल्या पोरांचे.
हा चिखलातला हात कुणी माझ्यापुढे ठेवला असता
तर मी वय लिहिलं असतं: चार वर्षं.

रॅकून, व्हर्ना म्हणाली.
शेंबडं पोर उघडेल ती प्रत्येक कडी तो उघडतो.

मग अर्ध्या इंचाची जाळी आणली.
दुकानात तिला कापड म्हणतात,
वारावर मोजून, गुंडाळी करून देतात.
शिवायला बसलं की हाताची सालटी निघतात.
खुराड्याभोवती वीतभर खोल चर खणून
जाळी बाहेरच्या बाजूला आडवी पसरली,
परकराच्या घेरासारखी.
कोल्हा भिंतीला चिकटूनच खणतो, व्हर्ना म्हणाली,
दोन पावलं मागे सरायचं त्याला सुचत नाही.
वरून ससाण्यासाठी जुनं मासळीचं जाळं.
आणि वीझल?
वीझल यातून जातो, म्हणत तिनं
खिळ्यांच्या डब्यातून स्वतःची लग्नाची अंगठी काढून दाखवली
आणि परत खिळ्यांत टाकली.

जुलैत पिंजरा लावला. आत मार्शमॅलो,
म्हणजे मांजर फसत नाही.
पहाटे सापडला.
सापडली. आचळं भरलेली.

इथला कायदा असा की
धरलेलं जनावर दुसऱ्याच्या रानात नेऊन सोडायचं नाही.
जागेवर सोडा, नाहीतर जागेवर संपवा.
व्हर्नानं बंदूक आणली, पिकअपला टेकवून ठेवली,
आणि थर्मासमधली कॉफी ओतत म्हणाली,
कोंबड्या तुझ्या. तू बोल.

रॅकूनची काळी, ओली बोटं
पिंजऱ्याच्या दाराची कड चाचपत होती.
घाई नाही, आकांत नाही.
अंधारात आपण दिव्याचं बटण शोधतो तशी.

मला तोंडली आठवली.
मला तोंडली खरंच आठवली,
हे नंतर व्हर्नाला दोनदा सांगितलं.

दार उचललं.
ती निघाली, थांबली, खुराड्याकडे एकदा बघून
ओढ्याच्या बाजूला गेली.
व्हर्ना बंदूक घेऊन गाडीत बसली.
पुढे आठवडाभर तिनं माझी अंडी घेतली नाहीत.

आता रोज दिवेलागणीला मोजते.
मोजायचं काय, दोनच तर आहेत.
कडी. कोयंडा. कोयंड्यात गिर्यारोहकांचा हूक.
अंथरुणात पडल्यावर पुन्हा उठते, टॉर्च घेऊन,
पायात एक बूट माझा, एक नवऱ्याचा.
कधी अर्धवट झोपेत
लोखंडावर लोखंड बारीक वाजतं,
थांबतं, पुन्हा वाजतं.
सकाळी हुकावर मातीचे ठिपके असतात.

आमच्याकडे कोंबडा नाही.
तांबडं टेकडीमागून आपलं आपण फुटतं,
आणि मी गारठलेल्या बोटांनी तो हूक उघडते.
दोनदा चुकते.
तिसऱ्यांदा उघडतो.