दुचाकीच्या जागेत

खडकवासल्याचं पाणी उतरलं, तेव्हा
बुडालेल्या बाभळीच्या खुंटानं
तिचा तळ वीतभर फाडला.
टेम्पोतून घरी आणली, पालथी.
सोसायटीनं दुचाकीचं भाडं लावलं,
नियमावलीत नाव नव्हती.

रोज संध्याकाळी खाली उतरतो.
टिंबर मार्केटातला प्लायचा तुकडा,
रेझिन, वाटीत कालवलेला भुसा,
आणि दिलावरचा रंधा,
जो परत द्यायचा राहूनच गेला.
तिसऱ्या मजल्यावरची शाल्मली विचारते,
"काका, ही बुडाली होती, का नुसती भिजली?"

कडा कापत कापत
निरोगी लाकडापर्यंत गेलो.
खुंटाची जखम वरवरचीच होती.
कूज निघाली कण्याच्या फळीशेजारी,
जिथे मी पहिल्याच वर्षी
गिरमिट चुकून आरपार घातलं
आणि पटकन लांबी भरली.
दिलावर तेव्हा चहा आणायला गेला होता.

चार वर्षं तो म्हणत राहिला,
"पाणी कुठून येतंय, कळंना राव,"
आणि डालड्याच्या डब्यानं उपसत राहिला.
त्याच्यासमोर बसून
मीही उपसत राहिलो.

आज तुकडा बसला. क्लॅम्प आवळले.
आता रात्रभर हात लावायचा नाही.
रंध्याच्या पात्याला तेल दिलं,
पेपरात गुंडाळला.
उद्या घोरपडे पेठेत जायचंय.
तो भोकाचा कुजका तुकडा
खिशात ठेवलाय वेगळा.
रंध्याच्या आधी
तो काढीन.