शिरोरेषा

पहाटे चारला सेलूच्या फलाटावर
मुंजाजी घडीघडी खिसा चाचपतो.
तिकिटासाठी नाही, गोळीसाठी.
सकाळची गोळी, न घेतलेली.
रक्त देण्याआधी ती पोटात जाता कामा नये,
आणि रक्त दिलं की मग तिला दम निघत नाही.
संभाजीनगरपर्यंत ती त्याच्या शर्टात बसून येते
तिसऱ्या प्रवाशासारखी.

दुसरी मी. त्याची थोरली.
माझी डावी त्याच्या उजव्या कुशीत
परवाच्या पोळ्यापासून नांदायला गेलीय.

नांदणं म्हणजे काय, ते मला विचारा.
सासरी पहिली दोन वर्षं
मी भरलेलं पाणीसुद्धा वास घेऊन प्यायचे.
त्याचं अंगही तसंच निघालं.
एका आईच्या पोटचे आम्ही,
तरी त्याच्या रक्तातले राखणदार
माळ्यावर उभे राहून गोफण फिरवतात:
कोण गं तू? कुणाच्या रानातली?

डॉक्टर फरहाना म्हणाल्या,
राखण्याला झोपवायचं नाही, बाई.
तो झोपला तर डुकरं शिरतील,
साधा खोकलासुद्धा पीक आडवं करील.
नुसती पेंग येऊ द्यायची.
किती पेंग?
ते ज्याच्या त्याच्या अंगावर.

बाकावर शेजारी वसमतचे वैजनाथ मास्तर.
वजन मुंजाजीएवढंच, ऑपरेशन त्याच महिन्यातलं.
मास्तरांना दिवसाला दोन मिलिग्रॅम पुरतं,
ह्याला सात लागतं.
म्हटलं, मास्तर चाटून खातात,
आमचा भाऊ बकाबका गिळतो.
मला वाटलं डॉक्टर हसतील.
त्या म्हणाल्या, जवळपास असंच आहे.
काहींच्या लिव्हरला जन्मापासून घाई.

मुंजाजी पेंटर.
फ्लेक्स आले तरी बाजारपेठेतल्या निम्म्या पाट्या अजून त्याच्याच.
मागच्या पावसाळ्यात मांडीवर गजकर्ण उठलं,
मेडिकलवाल्या पोरानं गोळ्या दिल्या, आठवडाभराच्या.
कुणाला सांगायचं असतं, हे कुणाच्या डोक्यात येतं?
रिपोर्ट यायच्या आधीच मी पाहिलं:
‘तुळजाई कृषी केंद्र’,
वरची रेघ हलत होती,
कावळा उडाल्यावर तार हलते तशी.
उलटा कुंचला धरून तो म्हणाला,
अक्का, मी काय करायलो हे?

आकडा एकोणीस आला.
पाहिजे होता सात, फार तर आठ.

तेव्हापासून डॉक्टरांनी एक जास्तीचं काम लावलंय.
आकडा वाचून झाला की फाइल पालथी करतात,
पेन देतात: लिहा पेंटर, एक ओळ.
तो लिहितो, उधारी बंद आहे.
तो लिहितो, येथे वाहने लावू नयेत.
एकदा लिहिलं, चहा मिळेल का.
त्या कागद तिरपा धरून शिरोरेषा बघतात,
अर्धा मिलिग्रॅम काढतात,
पुढच्या महिन्यात कधी पाव जागा परत देतात.
छापील तक्ता भिंतीवर आहे.
त्याच्याकडे त्या पाहतात, नाही असं नाही.

एकदा आकडा साडेतीनवर घसरला.
त्या रात्री माझी डावी कूस दुखली.
तिथं काही नाही, मला माहीत आहे.
तरी हात ठेवून झोपले.

आता आकडा सात पूर्णांक एक.
किती दिवस, कुणी सांगत नाही,
आम्ही विचारणं सोडलंय.

रात्री नऊला त्याच्या मोबाईलचा गजर होतो,
सेलूत, रंगाच्या डब्यांमध्ये.
मी परतूरला. मला कसलीच गोळी नाही.
तरी माझ्याही फोनला मी नऊची वेळ लावून ठेवलीय.
वाजतो.
नवरा म्हणतो, बंद कर ते.
मी उठते, माठातलं तांब्याभर पाणी काढते
आणि उभ्यानंच पिते, सगळं.