एकशे वीस

आवारात उभा असतो तेव्हा शहाणा असतो.
शेतात नेला, पेरणीयंत्र मागे जोडलं
की दहाव्या मिनिटाला पडद्यावर पिवळे त्रिकोण,
मग लाल, मग शिट्टी,
मग गिअर सोडून देतो आणि उभा राहतो
ऐन मे महिन्यात, दोन हजार एकरांच्या मधोमध,
रुसलेल्या जावयासारखा.

पेंबिनाच्या खोऱ्यात मी एकशे चाळीस किलोमीटर
खडीवरून आले. चरांमध्ये अजून मळका बर्फ,
वर क्रौंचांची लांबच लांब कुरकुर.
"उपग्रहाचं काहीतरी आहे," इस्ब्रांड म्हणाला.
"कंपनी मुद्दाम करते," कॉर्नेलियस म्हणाला.
सख्खे भाऊ. दोघेही माझ्याकडे बघून बोलतात,
एकमेकांकडे नाही.
हे मी नोंदवहीत लिहीत नाही.

लॅपटॉप लावला.
इंजिन सांगतं, गिअरबॉक्स मूग गिळून बसलाय.
गिअरबॉक्स सांगतो, ब्रेकची हाकच आली नाही.
ब्रेक म्हणतो, मी तर केव्हाचा ओरडतोय.
बेचाळीस तक्रारी. प्रत्येकीत चूक दुसऱ्याची.
नवीन होते तेव्हा एकेकीमागे धावायची,
ही पेटी बदल, ती पेटी बदल, बिल फुगव.
आता आधी बॅटरी तोडते.
सगळे गप्प झाले की मोजते.

दोन तारा असतात, एक पिवळी, एक हिरवी,
वेणीसारख्या पिळलेल्या,
बाहेरचा गोंगाट दोघींवर सारखाच पडावा म्हणून.
सारखा पडला की वजा होतो.
आणि दोन टोकांना दोन रोधक, एकशे वीस ओहमचे,
बोटाच्या पेराएवढे. काम म्हणाल तर काही नाही,
आलेला शब्द पोटात घालतात.
नाहीतर तो टोकावर आपटून मागे फिरतो
आणि मागून येणाऱ्याच्या अंगावर पडतो.

दोघे जागेवर असले तर मीटर साठ दाखवतो.
दाखवत होता एकशे वीस.

चिखलाखाली गेले. उंदराचं घरटं सापडलं,
कुणाच्या तरी लाल हातमोज्याच्या लोकरीचं,
पण तारांना दात लागला नव्हता.
डाव्या चाकामागे मात्र एक खाच,
रिकामी, कडेने धुळीचं गोल कडं.
झिजून पडलेलं नव्हतं. हाताने काढलेलं.
"कुणी काढलं?"
इस्ब्रांडने कॉर्नेलियसच्या बुटांकडे पाहिलं.
कॉर्नेलियसने क्रौंचांकडे.

तेवढ्यात त्यांची आई, अगानेथा, कॉफी घेऊन आली.
तिची बोली जुनी जर्मन, माझी लाओआगची,
इंग्रजी दोघींची जेमतेम पाहुण्यांपुरती.
मी तळहातावर पेनाने काढून दाखवलं:
काळं टोपण, एवढंसं, पोटात धातूच्या काड्या.
ती काही न बोलता घरात गेली
आणि काचेची बरणी घेऊन आली.
ट्रॅक्टरच्या पायरीवर ओतली सगळी बटणं,
शिंपल्याची, शिंगाची, लष्करी कोटाचं एक पितळी,
आणि त्यांच्यात ते.
"फेब्रुवारीत. धुण्याच्या विजारीत. मला वाटलं,
कसला हा शर्ट, ज्याच्या बटणाला पाय?"
कुणाच्या विजारीत, ते मी विचारलं नाही.
इस्ब्रांडने विचारलं.
"धुण्यात सगळ्या विजारी सारख्याच,"
ती म्हणाली, आणि बटणं वेचायला लागली.

टक्. एकोणसाठ पूर्णांक आठ.
तो निघाला, शेताच्या कडेपर्यंत गेला, वळला,
परत आला. एकही त्रिकोण नाही.
भाऊ आपापल्या दारांनी गेले.
बिलावर मी लिहिलं: मजुरी दोन तास, सुटे भाग शून्य.

रात्री खिसे रिकामे करताना
एक बटण निघालं, तपकिरी, चार भोकांचं.
वेचायला मीही बसले होते ना.
गाडीत समोर ठेवलंय.
पेरण्या संपल्या की नेऊन देईन.