पाठीवरचा पंखा

उद्यमबागेत आम्ही लाकडाचे पॅटर्न करतो,
पंपाची घरं, व्हॉल्व्हची बोंडं,
त्यांच्यावर वाळू दाबून मग लोखंड ओततात.
दुकानात शिरल्या शिरल्या डोक्यावर जे लोंबतं
ते गिऱ्हाइकांना छताच्या पंख्याचं पातं वाटतं.
वाटू दे.
सहा फूट दोन इंच, एका अखंड सागवानाचं.
ओमाणा सुताराच्या रंध्याचा माग
अजून बोटाला लागतो.

ओमाणा म्हणजे माझ्या बापाचा मामा.
पलटणीबरोबर सुतार म्हणून बसऱ्याला गेला.
टायग्रिसचं नाव त्याला कधी घेता आलं नाही,
'खजुराची कृष्णा' म्हणायचा.
तिथं चैतातल्यासारखं पाणी उतरलेलं,
आगबोटी वाळूत बसलेल्या म्हशींगत,
आणि त्यांच्या शेजारून, गुडघाभर पाण्यावरून
एक चपटी होडी किंचाळत गेली.
पाठीवर पंखा.
खाली काही नाही. पाण्यात एक दातही बुडालेला नाही.

खूप नंतर कुणीतरी मला वाचून दाखवलं:
त्याच्याही आधी, कॅनडाच्या एका गार खाडीत
विमान करू बघणाऱ्या माणसांना
इंजिन कुठं तपासावं ते कळेना.
उडणारं तर अजून काही नव्हतंच.
म्हणून पंखा होडीवर बांधला.
म्हणजे ही होडी कुणाला हवी होती म्हणून झाली नाही,
ती विमानाची धूळपाटी.
अक्षर वळलं, विमान गेलं उडून,
पाटी पाण्यावरच राहिली.
पुढं फ्लोरिडाच्या दलदलीत
रात्री बेडूक धरणाऱ्यांनी ती उचलली.

ओमाणाला यातलं काही ठाऊक नव्हतं.
त्याच्याजवळ होतं एवढंच: एक आवाज, कानात,
आणि उजव्या हाताची चार बोटं.
निपाणीच्या तंबाखूवाल्याकडनं मोटारीचं भंगार इंजिन आणलं,
चार सिलिंडर, त्यातले बोलणारे तीन.
अंकलीच्या घाटावर भीमशा अंबी कपाळाला हात लावून बसला,
"वल्हं नको, शीड नको,
मग काय वाऱ्याला ढकलायलास?"
"होय की," ओमाणा म्हणाला.

पहिल्यांदा त्यानं गुळाची काहील घेतली.
पुरात माणसं उतरवते, इंजिनाला काय भ्याली?
पंखा सुटला
आणि काहील जागच्या जागी गरगरा,
भोवऱ्यासारखी, ओमाणासकट.
काठावर पोरं हसून लोळली.
तिसऱ्या फेऱ्यानंतर त्याला ओकारी आली,
आणि त्या ओकारीतच समजलं म्हणे,
गोलाला पुढचं तोंड नसतं.

मग भीमशाची सपाट नाव.
सुकाणू पाण्यात ठेवलं तर नाव ऐकेना.
आठ दिवस विडीच्या धुराकडं बघत बसला,
आणि सुकाणू उचलून पंख्याच्या मागं लावलं,
वाऱ्यात.
बारदानाचं, बांबूच्या चौकटीवर.

केंदाळानं नदी हिरवीगार झाकलेली.
नाव त्याच्यावरनं गेली,
बगळे उठले, धोतरं वाळत घातलेली उडाली,
मांजरीचा काठ आला,
आणि तेव्हा ओमाणाला आठवलं
की थांबायचं कसं ते त्यानं बसऱ्याला बघितलंच नव्हतं.
ब्रेक नाही. मागं जाणं नाही.
नाव चिखलावरनं वर चढली, चिखलावरनं उसात,
उसात वीस पावलं.

ऊस बाळगौडांचा होता.
त्यांनी दोन भाषांत शिव्या दिल्या,
मग विचारलं, परत जाणार कशी?
बैल लावून.

त्यानंतर ती कधी चालली नाही. इंजिन चरकाला गेलं.
पातं माझ्या बापाकडं आलं, बापाकडनं मला.

परवा नवीन पोरगं आलंय, खानापूरचं, हात चांगला आहे.
त्याला तोल शिकवायला मी हेच वापरतो.
मधल्या भोकात सळई घालतो, ढकलतो, सोडून देतो.
दर वेळी तेच पातं खाली येऊन थांबतं,
सुपारीएवढं जड.
पोरगं म्हणालं, तासून देऊ काय?

मी म्हटलं, राहू दे.
बाकीची कामं बघ.