रवळू

कणकवलीच्या बंद पडलेल्या लॉजमधला मॉनिटर,
नऊशे रुपये, वायर फुकट.
उजेड असा, की दुपारी बाराचं शिरोड्याचं मिठागर
आणि त्यात विरघळलेली अक्षरं.

बोटीच्या परवान्याचा फॉर्म बघायला
रवळू तांडेल वाकले.
"माका खळू केलंस?"
नाही हो, र आणि व चिकटलेत.
"मगे सोडय त्यांका."

ब्राइटनेस शंभरावरून चाळीसवर.
बटण खाऱ्या हवेनं आखडलेलं, नखानं दाबावं लागतं.
शार्पनेस वाढवला
तर एकेका अक्षरामागे पांढरं भूत.
केबल उपसली. पिनांवर हिरवट गंज.
स्पिरिट, कापूस, नवऱ्याचा जुना टूथब्रश.
मग रिझोल्युशन: पडद्याचं त्याचं स्वतःचं माप,
लॉजवाल्यानं कधी विचारलंच नसावं.

पडदा काळा झाला.
आम्ही दोघं गप्प.
बाहेरून बांगडेवाली ओरडत गेली.

उजळला तेव्हा
र उभा होता, शेजारी व,
मध्ये जाळ्याच्या सुताएवढी फट.

तांडेलांनी तिथंच बोट टेकवलं.
"हां. आता हो मी."

ठसा मी पुसला.
कोपऱ्यात मात्र फिकट, जळून बसलेलं
"रूम नं. ४, चेक-आउट अकरा"
काही केल्या जात नाही.